आसुसून वाट बघू नये

निबंधात कुणी 'आम्ही सर्वजण सहलीची आतुरतेने वाट पाहत होतो' असं लिहिलं, की सर तांबड्या पेनानं त्यातला एकच शब्द खोडायचे. सहल राहू द्यायचे, सर्वजण राहू द्यायचे, वाटही राहू द्यायचे. फक्त 'आतुरतेने' जायचं. त्यावर इतक्या रेघा मारायचे की कागद फाटायचा. असल्याच शब्दांना बोर्डाच्या पेपरात मार्क मिळतात असं पोरांना क्लासवाल्यांनी पढवलेलं. मुख्याध्यापकांनी समज दिली, पालकांनी कुरकुर केली. सर म्हणायचे, "नुसतं 'वाट पाहत होतो' लिहिलं तर सहल जात न्हाय व्हय?"

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला गेले तेव्हा नोकरी नवी होती, लग्नही नवं होतं आणि नवरा पुण्यात होता. गाव माकणीच्या अलीकडचं, भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे आणि घरं सगळी एका मापाची, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी भलत्याच घरात शिरून चप्पल काढली होती. जुनं गाव ओढ्याच्या पलीकडं तसंच पडलेलं. दगडांचे ढीग, अर्धवट चौथरे आणि त्यावर माजलेल्या वेड्या बाभळी. तिकडं कुणी जात नसे. गुराखी पोरंसुद्धा शेळ्या घेऊन वळसा घालायची.

सरांनी त्यांच्या घराची बाजूची खोली मला भाड्यानं दिली. घरात ते, काकू आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मुलगी माझ्याहून थोडीशीच लहान, पण सगळं गाव तिला ताई म्हणायचं म्हणून मीही म्हणू लागले.

सरांचं एकेक तऱ्हेवाईक होतं. बसस्टँडवर ते रस्त्याकडं पाठ करून उभे राहायचे. बस आली की लोक ओरडायचे, "सर, आली!" मग ते वळायचे. ओरडायला कुणी नसलं की बस निघून जायची. एकदा तुळजापूरला त्यांचाच सत्कार होता आणि तिथं त्यांच्याशिवाय सगळे पोचले होते. पाहुणा येणार म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी काम लावून द्यायचे. कुणी ज्वारी निवडायची, कुणी कंदिलाच्या काचा पुसायच्या, वीज असली तरी. स्वतः भिंतीकडं तोंड करून बसायचे. पाहुण्यानं यायचं ते चोरासारखं, कुणाचं लक्ष नसताना. समोरच्या घरातला किराणावाला म्हणायचा, "सरांच्या घरी जायचं म्हंजे आधी खाकरायचं, मग शिरायचं, न्हाईतर दोघंबी दचकत्यात." चुलीवर दूध ठेवलं तरी त्याच्याकडं बघायचं नाही. त्या घरात दूध किती वेळा उतू गेलं असेल, ते काकूंनाच माहीत.

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझ्या पोरांना प्रकाशाच्या परावर्तनाबरोबर मराठीचं व्याकरणही फुकट मिळायचं. एक दिवस पलीकडं क्रियाविशेषणं चालली होती.

"उत्सुकतेनं म्हंजे काय?" सर विचारत होते. "पेपरातलं राशीभविष्य वाचायचं. वाचलं, सोडून दिलं. त्यानं काय बिघडत न्हाय. आतुरतेनं म्हंजे बस उशिरा हाय म्हणून घडीघडी रस्त्यावर जाऊन बघायचं. हे वाईट. आन् आसुसून म्हंजे..."

इथं ते थांबले. खडू खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आसुसून म्हंजे आपलं दार, डोळे, जीव, समदं उघडं टाकून बसायचं. तसं बसलं की येतंय."

"कोण येतंय सर?" एका पोरीनं विचारलं.

"जे जवळ असंल ते," सर म्हणाले.

माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी फळ्यावर आपाती किरण काढला आणि तो वाकडा आला.

काकू सरांच्या अगदी उलट होत्या. एका पायानं अधू, भूकंपात मांडी मोडलेली. पण वाट बघण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दूधवाला, पोस्टमन, पंचमीला येणारी बेंबळीची नणंद, सगळ्यांची वाट त्या दारातल्या पायरीवर बसून बघायच्या. दिवस कलायला लागला की सर बाहेर यायचे आणि नुसतं म्हणायचे, "चला आत." काकू गुमान उठायच्या. इतर वेळी नवऱ्याला एकाला दोन ऐकवणारी बाई त्या दोन शब्दांवर का उठते, हे मला कळायचं नाही.

सगळ्यात विचित्र होतं ते ताईचं घरात येणं. लांबून आलेल्या माणसावरून किंवा नव्या नवरीवरून आपण भाकरतुकडा ओवाळून टाकतो. तुकडा आणि पाणी उतरायचं, दोन्हीकडं टाकायचं, पायावर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं. बरोबर काही आलं असेल तर ते दारातूनच माघारी जावं म्हणून. माझ्या माहेरीही करतात. पण सर ते रोज करायचे. ताई कॉलेजातून आली की उंबऱ्याबाहेर उभी राहायची, पुस्तकं छातीशी धरून, मान खाली. सर आतून ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन यायचे. ओवाळायचे, टाकायचे, आणि "ये माय" म्हणून बाजूला व्हायचे. तिच्या तोंडाकडं बघायचे नाहीत. तिचं नाव तर त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. शेजारीण सांगायची, "बालवाडीपासनं असंच. लेकीवर लई जीव सरांचा, नजर लागू देत न्हाईत."

मला तो जीव वाटत नव्हता. जीव असलेला बाप लेकीकडं बघतो तरी.

मी ताईला एकदा म्हटलं, "मी बोलू का सरांशी? रोज काय हे?" तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता. "नका मॅडम. तुकडा असू द्या." मला वाटलं, बापाला भिते बिचारी.

माझी आणि त्या 'आसुसून'ची गाठ एका शनिवारी पडली. नवरा दर पंधरवड्याला शनिवारच्या संध्याकाळच्या गाडीनं यायचा. त्या खेपेला तो महिन्यानं येणार होता, मधे आमचं फोनवर भांडणही झालेलं. त्यामुळे मी दुपारपासूनच बेजार होते. गाडीची वेळ झाली, टळली. मी माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिले. काकू आतून म्हणाल्या, "तिन्हीसांजंचं उंबऱ्यात नगं पोरी." पण नव्या नवरीला असले सल्ले ऐकू येत नाहीत.

रस्त्याच्या टोकाला हातपंप होता. त्याच्याजवळ तो दिसला. खांद्यावर बॅग, एक खांदा थोडा उतरलेला, तीच उभं राहायची ढब. तो थांबला होता. का थांबलाय हे मला कळेना. भांडणामुळे संकोचला असेल म्हणून मला हसू आलं. मी हात वर केला. त्यानंही केला. मी हाक मारायला तोंड उघडलं, तोच मागून सरांचा आवाज आला.

"मॅडम, चहाला पाणी ठिवा."

आवाज इतका साधा होता की मी सवयीनं वळले. सर माझ्या आणि दाराच्या मधे येऊन उभे राहिले, रस्त्याकडं पाठ करून. "अहो, हे आलेत," मी म्हटलं. "ठिवा पाणी," ते म्हणाले, "दूध नगं, कोराच." मी चिडून स्टोव्ह पेटवला. पाणी ठेवून बाहेर डोकावले तर पंपाजवळ कुणी नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. नवरा बोलत होता. गाडी नळदुर्गजवळ बंद पडली होती, दुसरी मिळायला तास लागणार होता. मागं माणसांचा कलकलाट आणि कंडक्टरचं ओरडणं ऐकू येत होतं.

"बसमधीच हायत ना ते?" सरांनी विचारलं.

"हो."

"मग बरं." आणि त्यांनी दाराला कडी घातली.

मी विज्ञान शिकवते. अंधुक उजेड, थकलेले डोळे, मनाचे खेळ, हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं. तरी नवरा दाराशी आला तेव्हा मी आतूनच सरांना म्हटलं, "आधी तुकडा टाका." नवरा अजून त्यावरून मला चिडवतो.

सोमवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. सर पेपर तपासत होते. मी सरळ विचारलं, "सर, तो कोण होता?"

"म्या काय बघितला न्हाय. म्या कधी बघत न्हाय." आणखी एका 'आतुरतेने'वर रेघा मारून झाल्या, मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि बोलायला लागले. आवाज वर्गात शिकवतानाचाच, कोरडा.

"भूकंपाच्या रात्री म्या शेतात राखणीला हुतो. सकाळी आलो तर गावच न्हाय. तुमच्या काकू अर्ध्या मातीत. त्यास्नी गाडीत घालून सोलापूरला नेलं. लेक आमची चार वर्साची. ती दुसऱ्या दिवशी गावली. पायातल्या काळ्या दोऱ्यावरनं वळखली म्या. गावच्या समद्यांसंगं तिला सरणावर ठिवली. ह्या हातानं ठिवली."

मला कळेना. "पण सर, ताई..."

"दवाखान्यात सांगायला गेलो. तुमच्या काकूंनीच आधी विचारलं, पोरगी बाया-लेकरांच्या वार्डात ठिवलीय का म्हणून. आन् म्या म्हणलो, व्हय." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "एकदा व्हय म्हणलं की मग रोज म्हणावं लागतंय. उद्या आणतो, परवा आणतो. घरी आल्या, घर म्हंजे पत्र्याचं शेड. शेडच्या दारात बसायच्या, कुबडी मांडीवर घेऊन. खाणं न्हाय, बोलणं न्हाय. आसुसून बसायच्या. आन् एक दिवस दिवस बुडताना ती आली."

"कोण?"

"ही. तुमची ताई. एकटी, रस्त्यानं, जुन्या गावाच्या अंगानं."

खिडकीबाहेर पोरांचा लंगडीचा आरडाओरडा चालू होता. मी म्हटलं, "कुठल्या तरी गावचं लेकरू असेल, सर. कुणी उरलं नसेल तिचं."

"म्या बी तेच म्हणतो. तालुक्याला कळवलं, पेपरात दिलं. कुणी आलं न्हाय. नावाला ओ दिली तिनं. आता उपाशी लेकरू कशालाबी ओ देतंय." त्यांनी हात एकमेकांवर चोळले. "पर काकूंनी घाई केली. कुणाचंबी असू दे, कुठनंबी येऊ दे, आधी तुकडा उतरायचा, मग आत. त्या कुबडी टाकून धावल्या आन् उचलून आत घेतली. तुकडा राह्यला. तिच्या संगं आत काय आलं, मला ठावं न्हाय. राह्यलेलं काम म्या रोज करतोय."

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. "सर, माणसाची पोर आहे ती. रोज तिला दाराबाहेर उभं करता."

"रोज आत बी घेतो की," ते म्हणाले आणि पुढचा पेपर ओढला.

पुढं ताईचं लग्न झालं, जिल्ह्यातल्याच वाशीच्या आडत दुकानदाराच्या घरी. आम्हीही गावातच छोटं घर बांधलं, सरांच्या मागच्या गल्लीत. ताई माहेरी आली की तुकडा व्हायचाच, पण सासरहून येणाऱ्या लेकीला तो सगळेच करतात, त्यामुळे आता कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हतं. सर निवृत्त झाले. शाळेतली पोरं पुन्हा आतुरतेने वाट पाहू लागली आणि त्यांना कुणी अडवेना.

काकू गेल्या त्या मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. शेवटचे दोन दिवस मी तिथंच होते. भर दुपारी, पंखा बंद, सर त्यांच्या उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते. काकूंनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मला ठावं हुतं."

"काय?" सरांनी विचारलं.

"ती आपली न्हाय. पयल्या दिवशी उचलली तवाच कळलं. आईला वजन कळतंय." मग त्यांना धाप लागली. "पर माझी म्हणून वाढली ती. तुमी एकदा बी तिच्याकडं बघितलं न्हाय. मी गेल्यावर तरी तिला तुकड्याबिगर आत घ्या. लेकीवानी घ्या."

सर वारा घालायचे थांबले. संध्याकाळी काकू गेल्या.

त्यानंतर सर एकदम खचले. हात कापायला लागला, दिसणं कमी झालं. मी रोज दोन भाकरी नेऊन द्यायची. एके दिवशी आपणहून म्हणाले, "पंचमीला येती म्हणली हाय. घेतो आता तशीच आत. म्हातारी बरुबर बोलली. माझ्या जिद्दीपायी पोरीचं आयुष्य उंबऱ्याबाहेर गेलं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी एकटीच रडले.

पंचमीला दुपारच्या गाडीनं ताई आली. ऊन-सावली चालली होती, बायका वारुळाला जाऊन परतल्या होत्या, गल्लीत झोक्यांची करकर. सर दारात उभे होते. पहिल्यांदाच रस्त्याकडं तोंड करून. मी त्यांच्या मागं होते, आणि जुन्या सवयीनं हातात तुकडा आणि तांब्या घेऊन आले होते.

ताई उंबऱ्याबाहेर थांबली, मान खाली घालून.

"ये माय आत," सर म्हणाले. "आता तुकडा न्हाय. तू माझीच हायस. लई उशीर झाला, पर ये."

ती हलली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "तुकडा टाका आबा."

"नगं म्हणलं की."

"टाका आबा. न्हाईतर मला सांगावं लागंल."

"काय सांगावं लागंल?"

ताईनं माझ्याकडं बघितलं, मग सरांकडं. "मी एकटी आलेली न्हाय. मी कधीच एकटी येत न्हाय. शेडमधी आले त्या दिवसापासनं ती माझ्या मागं असती. ओढ्यापासनं येती. शाळेतनं येताना, कॉलेजातनं येताना, आता स्टँडवरनं. दारापतोर येती आन् थांबती. तुमी तुकडा टाकला की उचलती आन् माघारी जाती."

सरांनी चौकट धरली.

"का बोलली न्हाईस?"

"लहान हुते आबा. मला घर पायजे हुतं. मी बोलले असते तर तुमी तिला आत घेतली असती, आन् मग मी कुठं गेले असते?" ती रडत होती, पण आवाज खाली होता, कुणाची झोप मोडू नये तसा. "आईनं सुदिक मला उचललं, तिला न्हाय. ती मागंच हुती. आई आसुसून बसली हुती म्हणून ती आली, आन् मी आधी पोचले."

गल्लीतल्या झोक्यांची करकर चालूच होती. ताईच्या मागं रिकामा रस्ता होता, त्यावर ऊन होतं. मला काही दिसलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"केवढी हाय?" सरांनी विचारलं.

"तेवढीच हाय. पायात काळा दोरा हाय."

"काय करती?"

"तुमच्याकडं बघती आबा. आज पयल्यांदा तुमची नजर हिकडं हाय."

सरांचे ओठ हलत होते. मग ते माझ्याकडं वळले आणि माझ्या हातातल्या तुकड्याकडं बघून, वर्गात पोराला रागवावं तसे म्हणाले, "मॅडम, हे एवढंच काय आणलंत? आख्खी भाकरी आणा. गूळ-तूप घाला तिच्यावर."

मी आत गेले. घाईत तूप ताटाबाहेर सांडलं. बाहेर आले तेव्हा दार सताड उघडं होतं, ताई आत येऊन भिंतीला टेकून बसली होती आणि सर सतरंजीवर, एका बाजूला सरकून. ताट कुणापुढं ठेवायचं हे मी विचारलं नाही. सरांच्या शेजारी जागा मोकळी होती, तिथं ठेवलं.